शिशाच्या बारा बैलांची नावं

दिपक राठोडला बैल कळत नाही, हे तांड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. बंजाऱ्यांचा हा तांडा हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावपासून कोसभर आत, आणि बातमी मात्र पार सेनगावच्या जीप स्टँडपर्यंत पोचलेली. गोष्ट तशी तेवीस वर्षांपूर्वीची. पण तांड्याची आठवण एकदा एखाद्याला चिकटली की गोचिडासारखी चिकटते.

झालं होतं असं. दिपकचा बाप लखमा म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला बैलांचा दलाल. नुसता बैलाच्या पाठीवरून हात फिरवून तो त्याचं वय सांगायचा. त्या वर्षी लखमा तापानं अंथरुणाला खिळला आणि अठरा वर्षांच्या दिपकला त्यानं एकट्यालाच बाजाराला पाठवलं. दिपकनं पांढराशुभ्र, उंच शिंगांचा बैल पसंत केला. दात मोजले, खूर पाहिले. बैल डाव्या अंगानं भिंतीला लागून उभा होता, तो त्यानं उजवीकडूनच डोळे भरून पाहिला. चालवून दाखवतानाही विकणारा बैलाच्या डाव्या बाजूला खेटूनच चालला, पण हे पोराच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी अंगणात लखमानं बैलाच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

लखमा एक शब्द बोलला नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर दिपकला बरं वाटलं असतं. तांड्यानं मात्र बोलायचं ते बोलून घेतलं आणि बैलाचं नाव शुक्राचार्य ठेवून टाकलं. पुढे तो बैल बारा वर्षं राबला. लखमा त्याला नेहमी उजव्या बाजूला जुंपायचा, म्हणजे आंधळा डोळा जोडीदाराकडे राहायचा. बैल गुणाचा निघाला, पण घेणाऱ्याचं नाव गेलं ते गेलंच. त्यानंतर घरातलं जनावर घ्यायचं असलं की लखमा स्वतः जायचा, आणि गुडघे गेल्यापासून पुतण्याला, अमरसिंगला पाठवायचा. दिपक एकुलता एक मुलगा, वय एक्केचाळीस, सेनगावात मोबाइल दुरुस्तीचं चालतं दुकान. तरी बाजाराचा दिवस आला की म्हातारा हाक मारणार अमरसिंगला. दिपक वरवर हसायचा. आत त्याला दर वेळी टोचायचं, आणि बापानं एकदा तरी आपल्यावर बैल सोपवावा, एवढीच त्याची इच्छा होती.

या माणसाला एक छंद होता. मोबाइल दुरुस्तीचं शिकायला तो पुण्यात सहा महिने राहिला होता, तिथं खोलीवरच्या दोस्तानं त्याला टेबलावर मांडायच्या लढायांचा नाद लावला. अंगठ्याएवढी शिशाची माणसं, घोडे, गाड्या. ती रंगवायची, मांडायची, फासे टाकून लढवायची. सेनगावात फासे टाकायला दुसरं कुणी नव्हतं, पण रंगवायला लागतं ते सगळं दुकानात आयतं होतं: भिंगाचा दिवा, बारीक चिमटे आणि न कापणारा हात. गिऱ्हाईक नसलं की दिपक मोबाइलचं बोर्ड बाजूला सारून घोडेस्वाराच्या मिशा रंगवत बसे. तो त्यांना मिनिएचर म्हणायचा. त्याची बायको शिवकन्या बाहुले म्हणायची.

नवे मिनिएचर महाग, म्हणून तो वापरलेले घ्यायचा. परदेशातले छांदिष्ट लोक आपले जुने संच इंटरनेटवरच्या एका गटात विकायला काढतात, तिथून. गेल्या साली त्यात तो चांगलाच आपटला. कुणीतरी वीस घोडेस्वारांचा झकास फोटो टाकला, यानं पैसे पाठवले आणि पुढे ना घोडे आले ना उत्तर. फोटोच तिसऱ्या कुणाचा तरी उचललेला होता. शिवकन्येला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"म्हंजे आता सातासमुद्रापलीकडचा शुक्राचार्य घेतला म्हना की," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. त्यानंतर तिनं अट घातली की परदेशातलं काहीही घ्यायचं तर आधी तिला दाखवायचं. दिपकनं मान डोलावली. बापाला हे सांगू नको, एवढंच तो म्हणाला.

मग जानेवारीत ते बैल दिसले.

दुपारी जेवायला तो घरी आला होता, फोन बाजेवर टाकून हात धुवायला गेला. परत येतो तर लखमा फोन डोळ्यांजवळ धरून बसलेला.

"हे कुनाचे बैल व्हयत?"

फोटोत बारा बैल होते, पाठीवर दोन्ही अंगांना गोण्या लादलेले. ओझ्याच्या बैलांचा हा साचा कधीच बंद पडला होता आणि दिपक कित्येक वर्षं त्याच्या शोधात होता. कारण साधं होतं. लखमाचा आजा असेच बैल हाकत असे. मीठ इकडून तिकडे, धान्य तिकडून इकडे, महिनोन्‌महिने वाटेवर. लखमानंही ते पाहिलेलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. ती गोष्ट सांगताना त्याचे हात हवेत गोणी लादायचे, ते दिपकनं लहानपणापासून पाहिलं होतं. एकदा ते सगळं बापासमोर मांडून दाखवावं, असं त्याच्या मनात होतं.

"खरे न्हाईत बा, शिशाचे हायेत. एवढे एवढे," दिपकनं अंगठा दाखवला. "इकायला काढलेत एकानं. परदेशातून."

घरात बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, चालायचं, पण बैलांचा विषय निघाला की लखमा बाजारातल्या मराठीत शिरायचा. आयुष्यभराची सवय. त्यानं फोटो पुन्हा पाहिला. "गोन्या बराबर लादल्यात," तो म्हणाला. "बघून लादल्यात." आणि फोन परत देताना, जसं काही विशेष नाही अशा आवाजात: "घेनार हायस?"

घेतो म्हणावं तर शुक्राचार्य आठवणार, नाही म्हणावं तर बैल जाणार. "बघून राहिलो," तो म्हणाला. बापाच्या नजरेसमोर पुन्हा बैल घ्यायचा होता. शिशाचा का होईना.

विकणाऱ्यानं भाव फारच कमी लावला होता. दिपकनं दुकानात बसून त्याला लिहिलं, घेतो. उत्तर मिनिटाभरात आलं. आणखी चार जण मागे लागलेत, आजच पैसे पाठव, आणि पाठवताना "मित्राला पाठवतोय" असं निवड म्हणजे व्यवहाराचं कमिशन वाचेल. दिपकचं बोट फोनवर होतं. बारा बैल हातातून जातील म्हणून जीव खालीवर होत होता. मग त्याला वाटलं, फोटो एकदा मोठा करून बघावा. त्यानं मोठा केला. सगळेच फोटो उजव्या बाजूचे होते. बाराच्या बारा बैल डावं अंग भिंतीला लावून उभे.

त्यानं लिहिलं: डाव्या बाजूचा फोटो पाठवा. बैलांशेजारी कागदाच्या चिठ्ठीवर माझं नाव आणि आजची तारीख लिहून ठेवा. आणि पैसे मी माल घेतोय म्हणूनच भरेन, म्हणजे काही बिनसलं तर परत मागता येतील.

उत्तर आलं की तुझा विश्वास नसेल तर राहू दे. दुसरं उत्तर आलं की कॅमेरा बिघडलाय. तिसरं आलंच नाही.

रात्रीच्या जेवणाला दिपकनं हे शिवकन्येला सांगितलं. लखमा पाटावर बसून ऐकत होता. "मित्राला पाठवतोय म्हनून पैसे भर म्हनला?" त्यानं मध्येच विचारलं. "तुजा दोस्त कवा झाला त्यो? च्या तरी पाजला का त्यानं तुला?" शिवकन्या खुदकन हसली. लखमानं दिपकच्या ताटात स्वतःच्या हातानं ठेचा वाढला. दिपकनं त्याचा अर्थ लावायचं टाळलं. उगाच आशा लावून घ्यायला नको.

पंधरा दिवसांनी त्याच साच्याचे बारा बैल दुसऱ्या एकाकडे निघाले. योहान नावाचा बेल्जियममधला म्हातारा, गटातला जुना माणूस. त्याच्याकडून घेतलेल्या चाळीसेक लोकांनी त्याच्याबद्दल चांगलं लिहून ठेवलेलं. दिपकनं त्यातल्या दोघांना थेट निरोप टाकून खात्रीही करून घेतली. भाव पहिल्याच्या दुप्पट होता. योहाननं न विचारताच लिहिलं होतं की एका बैलाचं शिंग मोडलं होतं, ते मी चिकटवलंय, जवळून दिसतं. दिपकनं मागितल्याबरोबर चिठ्ठीचा फोटो आला. वळणदार अक्षरात "दिपक, सेनगाव" आणि तारीख, आणि बैल चारी बाजूंनी. मोडक्या शिंगाचा तर वेगळा फोटो. पार्सलवर भेट म्हणून लिहू का, जकात वाचेल, असं त्यानं विचारलं. दिपकनं लिहिलं, नको, खरं आहे ते लिहा. हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मिळते. म्हाताऱ्यालाही ते पटलं.

सगळं जमून आलं होतं आणि शेवटी योहाननं एक ओळ लिहिली. बैल ज्या लाकडी चकत्यांवर चिकटवलेत त्या चकत्या मी देणार नाही. बैल सोडवून पाठवीन, चकत्या मी ठेवून घेईन.

दिपक सटपटला. मिनिएचर विकताना खालची बैठक सोबत जाते, ही सगळीकडची रीत. बैठकीशिवाय बैल उभेसुद्धा राहणार नाहीत. पैसे पूर्ण आणि माल अर्धा? एवढा जुना माणूस, एवढी चांगली शिफारस, आणि ऐन वेळी हे काय काढलं? त्यानं ठरवलं की नको. एकदा तोंड पोळलं होतं, आता तो शहाणा झाला होता. आणि हे शहाणपण बापालाही कळावं, म्हणून घरी येऊन त्यानं जरा मोठ्यांदाच सांगितलं.

"बा, त्या दुसऱ्याचं बी सोडून देऊन राहिलो मी. बैल देतो म्हनते, पन खालची बैठक ठिवून घेतो म्हनते."

लखमा बाजेवर गुडघ्याला तेल चोळत होता. चोळता चोळता थांबला. "बैठक म्हंजे?"

"ज्याच्यावर बैल हुबा ऱ्हातो ती चकती. ती त्यो देनार न्हाई."

लखमा हसायला लागला. तेलाची वाटी कलंडेल इतका हसला. दिपकला कळेना, आपण पुन्हा कुठं माती खाल्ली.

"आरं येड्या," लखमा म्हणाला, "त्यो दावं ठिवून घेऊन राहिला!"

मग त्यानं सांगितलं. घरचा बैल इकला तर आपन दावं कवा दिलंय का गिऱ्हाइकाला? बैल जातो, दावं घरच्या खुंट्याला ऱ्हातं. दलाल असला तर त्याला काय, त्यो दावं देईल, घुंगरं देईल, वर झूलबी देईल, त्याचं काय जातंय. दावं राखतो त्यो बैलाचा खरा मालक. "त्या पयल्याला तू बराबर वळखलंस," म्हातारा म्हणाला. "ह्याला न्हाई वळखलंस. हा बैलासंगट ऱ्हायलेला मानूस हाय. घे."

पहिल्या वाक्यानं दिपक सुखावला, दुसऱ्यानं खजील झाला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा बापानं त्याच्या नजरेबद्दल दोन शब्द चांगले काढले होते, आणि लगेच एक चूकही पदरात घातली होती. तरी त्याला बरंच वाटत होतं.

"आन हे बघ," लखमा पुन्हा तेलाला लागला, "नावं इचार."

"कुनाची?"

"बैलांची. नाव घेतल्याबिगर बैल घरी आनत असत्यात का? नव्या दारी आला की त्याला हाक कशी मारशील?"

"बा, शिशाचे हायेत ते."

"इचार मनलं ना."

दिपकनं दुसऱ्या दिवशी दुकानात बसून ते वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. बैलांची नावं काय आहेत? योहान म्हणेल हिंगोली जिल्ह्यातला कुणी खुळा आहे, आणि बैल दुसऱ्याला देऊन टाकेल. एक गिऱ्हाईक आलं, त्याची स्क्रीन बदलून दिली. दुसरं आलं, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. शेवटी डोळे मिटून त्यानं निरोप पाठवून दिला. सोबत लिहिलं की माझे वडील विचारतायत, आमच्याकडे बैल घेताना नाव विचारायची रीत आहे, आणि चकत्या तुम्ही खुशाल ठेवून घ्या.

दिवसभर उत्तर नाही. दिपकनं तीन चहा प्यायले आणि एका फोनचा चार्जिंगचा सॉकेट उलटा बसवला. आपण बैल गमावले, असं तो मनाशी धरून चालला होता. दुकान बंद करायच्या वेळेला फोन वाजला. बारा चकत्यांचा फोटो होता, सगळ्या पालथ्या घातलेल्या. प्रत्येकीच्या खाली शिसपेन्सिलीनं, लहान मुलाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एकेक नाव लिहिलेलं.

योहाननं लिहिलं होतं: माझी मुलगी सात वर्षांची असताना तिनं ही नावं ठेवली. आता ती स्वतः आई आहे. म्हणून चकत्या देववत नव्हत्या, आणि सांगायला लाज वाटत होती. इतकी वर्षं मी मिनिएचर विकतो, नावं अजून कुणी विचारली नव्हती. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

शटर अर्धं ओढलेलं तसंच सोडून दिपक फोनकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "काहून रे, काय झालं?" दिपक म्हणाला, "काही न्हाई. बैल घेतले." आणि घरी जाण्याआधी त्यानं शिवकन्येला फोटो पाठवून रीतसर परवानगीही घेतली. तिचं उत्तर एका शब्दाचं होतं: घ्या.

पार्सल यायला सात आठवडे लागले. गोरेगावच्या पोस्टातून जकात भरून सोडवून आणलं, आणि शिवकन्येनं सांगितलं तसं, खोक्याची चिकटपट्टी कापण्यापासूनचं सगळं फोनवर चित्रित केलं, म्हणजे काही तुटलेलं निघालं तर पुरावा हाती राहावा. काही तुटलेलं नव्हतं. एकेक बैल कापसात गुंडाळलेला. चिकटवलेलं शिंगसुद्धा जसंच्या तसं. लखमानं ओसरीवर पितळी परात मागवली, तिच्यात ज्वारी पसरली आणि ज्वारीत एकेक बैल रोवून उभा केला. लादलेला तांडा उभा राहिला. मग म्हाताऱ्यानं बैलांचं तोंड गोरेगावकडून वळवून आत घराकडे केलं. "आल्यात तर घरात येऊं द्या," तो म्हणाला.

"नावं वाच."

दिपक वाचू लागला. ब्राम. टोबी. फ्लोर. लखमा मागोमाग म्हणत होता, आणि प्रत्येक नाव त्याच्या तोंडून निघेपर्यंत तांड्यावरचं होऊन जात होतं. फ्लोरची फुलरी झाली.

"पानेकूक."

"ह्ये कसलं नाव?"

"म्या बघितलं. त्यांच्यात धिरड्याला म्हनत्यात."

"बैलाचं नाव धिरडं!" लखमा मांडीवर थाप मारून हसला, आणि शिवकन्या चुलीपुढून उठून बघायला आली. मोडक्या शिंगाच्या बैलाचं नाव कोनिंग होतं, म्हणजे राजा. लखमानं तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, चिकटवलेल्या शिंगावरून अंगठा फिरवला. "सांगून दिलता ना त्यानं हे?" त्यानं विचारलं. दिपक म्हणाला, व्हय, न इचारता. लखमानं राजाला सगळ्यांच्या पुढे रोवला.

दिपकनं बाभळीच्या फांदीच्या बारा चकत्या कापल्या, घासल्या, बैल त्यांच्यावर बसवले आणि परातीतल्या ज्वारीसकट फोटो काढून योहानला पाठवला. विकलेला बैल चार दिवसांनी खातोपितो का हे मालकाला कळवायचं असतं, असं लखमाचं म्हणणं पडलं. योहानचं उत्तर आलं की फोटो मुलीला दाखवला, ती रडली आणि मग तिनं धिरडी करायला घेतली.

एप्रिलमध्ये लखमाच्या गोठ्यातला एक बैल थकल्यानं जुवाखालून काढावा लागला. राहिलेल्याला जोड हवी होती, सोयाबीनच्या कोळपणीआधी. बाजाराच्या दिवशी सकाळी अमरसिंग नेहमीप्रमाणे डोक्याला रुमाल बांधून अंगणात आला. दिपक मोटारसायकल पुसत होता, दुकानाला निघाला होता. लखमानं बाजेवरून सांगितलं, "अमरसिंग, आज तू ऱ्हा. दिपक जाईल."

अमरसिंगनं दिपककडे पाहिलं. दिपकनं फडक्याकडे पाहिलं. मग अमरसिंग रुमाल सोडत म्हणाला, "तुजं दुकान मी उघडतो. कुनी आलं तर उद्या ये म्हनतो." आणि हसत किल्ली मागून घेतली.

दिवस मावळायच्या आत दिपक परत आला, टेम्पोतून बैल उतरवला. तांबूस रंगाचा, बेताच्या शिंगांचा, दिसायला शुक्राचार्याच्या पासंगाला न पुरणारा. गळ्यात कोरं करकरीत दावं. जुनं विकणाऱ्यानं ठेवून घेतलं होतं. अर्धा तांडा अंगणात जमला होता, काही नुसते मजा बघायला. लखमा काठी टेकत उठला. बैलाच्या उजव्या बाजूला उभा राहून त्यानं पाठीवरून हात फिरवला, वशिंडावर थांबला, पुन्हा फिरवला. मग तिथूनच परत बाजेकडे वळला.

दिपक एक पाऊल पुढे झाला. "बा," तो म्हणाला, "डावीकडून बघा की."

"काहून?" लखमा बाजेवर बसत म्हणाला. "तू बघितलंस ना?"

"व्हय."

"मग झालं. नाव काय मनला त्यो?"

"पाखऱ्या."

लखमानं बैलाला नाव घेऊन हाक मारली. बैलानं कान वळवले.